डबा पोहोचला का

दिघोरी, ता. लाखांदूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. मेघाबाईले दिघोरीवरून आजीचा आशीर्वाद. वरून एक मुका, तो कोनाले दाखवजो नोको.

फोनवरच बोलली असती, पन तुहा बाप भुपेंद्र फोन मोठ्या आवाजात ठेवते. मंग अख्खं घर आयकते, आन शेजारचे भय्याजी बी कुंपनाच्या कुपाटीपलीकडून हुंकारा देते. चिठ्ठीतली गोष्ट चिठ्ठीत रायते. साक्षरता वर्गात होती तवा मास्तरीन म्हने, आजी, या वयात कायले शिकता? म्या म्हनलं, नातीले लिवाचं हाय. तर लिवून राहिली. कानामात्रा चुकली तर दुरुस्त करून वाचजो. तू इंजिनेर हायेस, येवढं तर जमलंच पाह्यजे.

धान कापून झाला, चुरून दाने काढाचा बाकी हाय. तलाव औंदा टम्म हाय. तुह्या मायची कंबर दुखते, पन ते आयकत नाई, धानाच्या बांधीत जातेच.

आता खरी गोष्ट सांगतो. परवा एक पाहुना आला. तुहा फ्लेक्स पाहून आला! दिवाळीले बसथांब्यावर भय्याजीनं लावला नाई का, "दिघोरीची कन्या अणुवीज केंद्राच्या डिझाइन कार्यालयात". तुहा फोटो, कार्यालयाचं नाव, आन खाली भय्याजीचा फोटो तुह्यापेक्षा मोठा. तर हा पाहुना म्हने, मी घनश्याम, भाच्यासाठी पोरगी पाहून राहिलो. म्या म्हनलं, कोनत्या गावचे? म्हने, आंबागडकडचे. म्या म्हनलं, मंग तुमी आमच्या रुखमिणीच्या सासरकडले तर नाई? तो म्हने, होय ना आजी, तेच! बाई, मले येवढी खुशी झाली. रुखमिणी माही मावसबहीन, जाऊन बारा वरसं झाले, आन तिच्याकडला मानूस माह्या आंगनात उभा. बसाले देल्लं, चाय देल्ली, जेवू घातलं. वांग्याची भाजी दोनदा घेतली त्यानं.

तुही बहुत चौकशी केली. कोनाच्या हाताखाली हाय? म्या म्हनलं, शुभांगी म्याडमच्या. जेवन कुठी करते? म्या सांगतलं, मोबाइल गेटवर ठेवा लागते पन डबा आत जाते. मांगच्या वर्षी म्या पाठवलेले अनारसे तर गेटवरच्या शिपायानंच दोन खाल्ले. तो भल्ला हासला. म्हने, आजी, तुमच्या हातचं कोन अडवीन?

पोरगा गोराघारा हाय म्हने. तू नाक मुरडशीन, मले ठाव हाय. पन तिसावं लागन तुले आता.

तुही आजी
सत्यभामा


पुणे
२० नोव्हेंबर २०२४

आजी, पाया पडते.

तुझी चिठ्ठी वाचून आधी खूप हसली. मग दुसऱ्यांदा वाचली, आणि हसू गेलं.

मले एक सांग. रुखमिणीआजीचं नाव तू घेतलं की त्यानं? तू लिहिलं तसं पाहिलं तर तो नुसता "आंबागडकडचे" म्हणाला. नातं तू दिलं. त्यानं फक्त "होय" म्हटलं. दिघोरीत कोणीही आलं की आपण त्याले आधी नात्यात बसवतो आणि मग पाटावर. हे मले माहीत आहे, तसं त्यालेही माहीत असू शकते.

तू म्हणशील, पोट्टी शिकून संशयी झाली. म्हणून माझं काम तुले नीट सांगते. एक अणुवीज केंद्र बांधायचं आहे. अजून तिथं एक वीट नाही. आम्ही त्याचे नकाशे करतो. आतला तापलेला गाभा थंड ठेवायले पंप लागतात, आणि कोणत्या घडीले कोणता पंप सुरू करायचा हे कंप्युटर ठरवतात. त्या कंप्युटरांपर्यंत बाहेरचा कोणी पोहोचू नये अशी रचना करणं, आणि कुठं फट राहिली ते शोधणं, हे माझं काम.

तू म्हणशील, केंद्रच नाही तर चोर येईल कशाले? आजी, तलावाची पाळ बांधतानाच कोणी आत पोकळी ठेवली, तर वरून माती सारखीच दिसते. पहिल्या वर्षी काही होत नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. ज्या वर्षी तलाव पूर्ण भरतो त्या वर्षी कळते. नकाशातला एक आकडा आज कोणी गुपचूप बदलला, तर दहा वर्षांनी तो लोखंडात उभा राहील.

म्हणून मी कोणाच्या हाताखाली आहे, डबा आत जाते का, हे कोणाले सांगू नको. तो माणूस पुन्हा आला तर त्याचा फोन नंबर घे आणि बाबांले मले फोन करायले सांग. स्थळ खरं असलं तर मी तुझी माफी मागीन.

बाबांले हे वाचून दाखव. मायले कंबरेले शेक द्यायले सांग.

तुझी
मेघा


दिघोरी
२७ नोव्हेंबर २०२४

माही शायनी मेघा,

तुही चिठ्ठी पंचवीस तारखेले भेटली. भुपेंद्रले नाई दाखवली. त्यो लगेच घाबरते आन मंग बिडी पेते.

नाव म्या घेतलं, खरं हाय. पन होय तर तो म्हनला ना! खोटा मानूस असा हासून होय म्हनते का व? आपल्या इकडे मानसाले अशीच पाहतेत, कोनाचा कोन, कोनत्या घरची पोरगी कुठी देल्ली. आदारकार्ड मांगत नाई आपन.

आता रागावजो नोको. तुही चिठ्ठी येवाच्या आंधीच, बावीस तारखेले, तो पुन्हा आला. मिठाई घेऊन आला. म्या तुह्यासाठी जवसाचे लाडू बांधून राहिलती, तो बाजूले बसून जवस निवडू लागला. येवढा घरचा! तेविसाले लाखांदूरच्या पोस्टातून डबा पाठवला. तळाशी एक गंमत ठेवली हाय. काय ते सांगत नाई. आंधी लाडू संपव, मंग तळ पाह्यजो. ऑफिसातच उघडजो डबा, सगळ्याइले देजो, शुभांगी म्याडमले पयले. गंमत घरी एकटीनं पाहण्यात काय मजा हाय?

तवापासून त्याचा तीनदा फोन आला भुपेंद्रच्या फोनवर. एकच इचारते, आजी, डबा पोहोचला का? पोरीनं उघडला का? किती उतावीळ हायेत व हे पोराकडले! तुहा आजोबा माह्या लग्नाच्या येळी असाच होता, पन त्याले फोन नव्हता म्हनून वाचली.

नंबर लिवून ठेवला हाय क्यालेंडरच्या मांगं.

चिठ्ठी टाकाले निंगाली तवा तुही पाळीची गोष्ट मनात आली. पोकळ पाळ. थोडं कसंतरी वाटलं. पन लाडू झकास झाले हायेत.

आजी


पुणे
२ डिसेंबर २०२४

आजी,

तुझी सत्तावीसची चिठ्ठी आज हाती आली. उशीर झाला.

डबा अठ्ठावीसले आला. एकोणतीसले मी तो ऑफिसात नेला. गेटवरच्या शिपायानं झाकण उघडून पाहिलं, एक लाडू उचलला आणि जा म्हटलं. चहाच्या वेळेपर्यंत डबा रिकामा झाला. मी डबा ठेवून हात धुवायले गेली होती.

परत आली तर खोलीत हशा. माझ्या शेजारी बसणाऱ्या अश्विनले तळाशी प्लॅस्टिकची पन्नी सापडली होती. सुपारी, हळकुंड, आणि एक पेन ड्राइव्ह. तो ओरडला, मेघाले स्थळ आलं! आमच्या टेबलांवरच्या कंप्युटरांत असं काही घालताच येत नाही, भोकं बुजवलेली आहेत. पण एक कंप्युटर आहे, बाहेरच्या कंपन्यांकडून येणारे नकाशे तपासून आत घ्यायचा. त्यानं त्यात लावला. सगळे घोळक्यानं उभे होते. पडद्यावर मोटारसायकलवर बसलेल्या एका पोराचा फोटो. शुभांगी मॅडमसुद्धा म्हणाल्या, बरा दिसतो ग!

आजी, त्या खोलीतल्या प्रत्येकानं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं आहे. अनोळखी पेन ड्राइव्ह लावायचा नाही, हा त्यातला पहिल्या दिवसाचा पहिला तास. तो मी शिकवते. पण स्थळाचे फोटो म्हटले की माणूस सगळं विसरते.

मी ओढून काढला. अश्विन हात जोडायले लागला, कोणाले सांगू नको, नोकरी जाईल, दोन लेकरं आहेत. मी अर्ध्या तासात वर कळवलं.

फोटोंच्या मागे दुसरं काहीतरी लपलेलं होतं. ते काय करून गेलं हे कोणाले अजून कळलं नाही. त्या कंप्युटरात चार महिन्यांचे नकाशे साठलेले होते, ते आता ओळ न ओळ, आकडा न आकडा हातानं ताडून पाहावे लागणार. पाहिलं तर सगळं जिथल्या तिथं दिसते. मले त्याचीच भीती वाटते.

माझा फोन, लॅपटॉप जमा केला आहे. मले घरी बसवलं आहे. मी त्यांना सांगितलं, डबा माझ्या आजीनं पाठवला, तिले एका अनोळखी माणसानं फसवलं. तिथं कोणी विचारायले येईल. घाबरू नको. जे झालं ते सांग. तू काही वाईट केलं नाही, तुले माहीत नव्हतं.

तो नंबर कोणाले देऊ नको, फक्त पोलिसांले.

मेघा


दिघोरी
११ डिसेंबर २०२४

मेघा बाई,

तुही चिठ्ठी साताले भेटली. पोलिस सहाले येऊन गेलते.

दोघं जन होते. भय्याजी बसले होते बाजूले. काय इचारलं ते सगळं ध्यानात नाई मले. जे सांगाचं ते सांगतलं. भय्याजी म्हने, सत्यभामाबाई, कमी बोला, अणूचं परकरन हाय, घरातली भांडी बी उचलून नेतीन. त्याइनं स्वतःचा फ्लेक्स त्याच दिवशी काढून घडी करून ठेवला.

तू खात पेत जाय. रिकामी बसू नोको, शिवन कर.

भुपेंद्र आंबागडले जाऊन आला. रुखमिणीच्या घरी इचारलं. घनश्याम नावाचा त्याइच्यात कोनीच नाई. दूरचा बी नाई. तो नंबर लावला तर बंद सांगते. भुपेंद्रनं हे सांगतलं तवा मी जवस निवडून राहिलती. तो मानूस माह्या याच जागेवर बसलता. तुह्या मायले म्हने, वहिनी, मीठ जरा देजा.

आता कुत्रं भुकलं तरी मी आतून कडी लावतो. दुपारी लावतो. काल पोस्टमन आला, तीन वरसांपासून येते, तरी म्या त्याले दाराबाहेरून इचारलं, तू कोनाचा? त्यो म्हने, आजी, मी पोस्टाचा. त्यो हासला. मले हासू नाई आलं.

तुले कामावर कवा घेतीन? लवकर घेतीन ना? लिव.

आजी


पुणे
१८ डिसेंबर २०२४

आजी,

काल मले बोलावलं होतं. पाच जण समोर बसले होते. त्यांनी मले तुझा जबाब वाचून दाखवला. "मी डब्यात फक्त जवसाचे लाडू पाठविले. इतर कोणतीही वस्तू ठेवली नाही. घनश्याम नावाचा कोणी इसम माझ्याकडे आला नाही."

मग एकानं शांतपणे विचारलं, आजीनं ठेवला नाही, तर डब्यात पेन ड्राइव्ह कोणी ठेवला? डबा तुमच्या खोलीवर एक दिवस होता.

मी म्हटलं, आजी घाबरली असेल. ते म्हणाले, असेल. आणि लिहून घेतलं.

अश्विननंही सांगितलं की डबा मेघाचा. तेही खरंच आहे.

तुझ्या चिठ्ठ्या मी त्यांना दाखवल्या असत्या, पण त्यात घनश्याम आला एवढंच आहे, तळाशी काय ठेवलं त्याले तू फक्त "गंमत" लिहिलं आहे. आणि माझ्या आजीची चिठ्ठी तिच्याविरुद्ध टेबलावर ठेवायले माझा हात उठला नाही. खरं सांगते.

तिकडे नकाशे ताडणं सुरू आहे. शुभांगी मॅडमनं लपून निरोप पाठवला. एका पंपाच्या कोष्टकात एक आकडा जुन्या कागदाशी जुळत नाही. कदाचित कोणाच्या हातून आधीच चुकला असेल. कदाचित नाही. जोपर्यंत मी खरी की खोटी हे ठरत नाही, तोपर्यंत कुठं शोधायचं हे त्यांना कळणार नाही. ते माझ्यावर वेळ घालवत आहेत, आणि तो माणूस मोकळा आहे.

मी तुले काही मागत नाही. तू जप.

मेघा


दिघोरी
२७ डिसेंबर २०२४

मेघा,

म्या खोटं सांगतलं होतं. तुह्यापासून बी लपवलं. मांगच्या चिठ्ठीत तुले "जे सांगाचं ते सांगतलं" असं गोलगोल लिवलं. लाजेनं नाई, भीतीनं. पोलिसानं वही काढली आन मले वाटलं, आता मले नेतीन. वय झालं तरी जीव किती प्यारा रायते पाय. म्या माहा जीव वाचवला आन तुहा देल्ला.

तुही चिठ्ठी तेविसाले भेटली. ते भुपेंद्रले पूर्न वाचून दाखवली. त्याच्यासमोर भय्याजी म्हने, आता जबाब बदलला तर खोटं बोलल्याचा बी गुन्हा लागन, गप राहा, पोरगी शिकली हाय, ते निस्तरन. म्या म्हनलं, भय्याजी, तुमी आपल्या घरी जा. पस्तीस वरसांत पयल्यांदा म्हनलं.

चोविसाले भुपेंद्रच्या मोटारसायकलवर भंडाऱ्याले गेली. थंडीनं दात वाजत होते. तिथं पोलिसाइच्या मोठ्या म्याडम होत्या. म्या बसाच्या आंधीच बोलाले लागली, नाई तर हिंमत गेली असती. सगळं सांगतलं. तो दोनदा आला. ते काळी डबी त्यानंच देल्ली. म्हने, आजी, फोटो हायेत याच्यात, पोरगी कंप्युटरवाली हाय, तिले असंच आवडन, तळाशी ठेवा. सुपारी, हळकुंड म्याच बांधलं, शुभ म्हनून. ऑफिसात उघडाले सांगा, असं बी तोच म्हनला. मले वाटलं, माह्या मनातलंच बोलून राहिला.

म्याडम म्हने, आजी, आंधीचा जबाब खोटा होता हे लिवू? तुमचं नाव येईन. म्या म्हनलं, लिवा. मोठ्या अक्षरात लिवा. म्या तीन पानाइवर सह्या केल्या. मंग त्याइनं तिथूनच पुण्याले फोन लावला. म्याडम म्हने, आता तुमच्या नातीवरचा संशय निंगाला समजा. ते आयकलं आन म्या त्याइले हात जोडले.

त्याइनं त्याचं चित्र काढाले मानूस बसवला. नाक कसं, डोळे कसे. मेघा, मले त्याचं जेवनं आठवते, हात धुनं आठवते, पाया पडला ते आठवते. तोंड आठवत नाई. जो मले घरचा वाटला, त्याच्याकडे म्या पाह्यलंच नाई. तुह्या मायनं कपाळावरची खून सांगतली म्हनून चित्र झालं.

आता आयक. काल दुपारी भुपेंद्रचा फोन वाजला. नवा नंबर. म्याडमनं आंधीच सांगून ठेवलं होतं, आला तर पयल्यावानीच बोलाचं, खुशीत. फोनमंदी त्याइनं कायतरी बसवलं हाय, सगळं भरून घेते. भुपेंद्रनं आवाज मोठा केला आन फोन माह्यापुढे धरला.

तोच. म्हने, आजी, नंबर बदलला माहा. कशा हाय? पोरीनं फोटो पाह्यले का?

मेघा, म्या हासली. कशी हासली ते देवाले ठाव. म्हनलं, पाह्यले ना बाप्पा! तिच्या म्याडमले बी आवडला पोरगा!

तो म्हने, कंप्युटरवरच पाह्यले ना?

म्या म्हनलं, मंग कायच्यावर पाहीन? तुमी या ना आता घरी, पुढची बोलनी करू.

म्हने, येतो आजी. मंगळवारी येतो. पोरगी घरी हाय का?

म्या म्हनलं, पुण्याले हाय. तर म्हने, नाई, पुण्याच्या खोलीले तर कुलूप हाय.

बाई, तू परवा शुभांगी म्याडमकडे राहाले गेली हे तू त्याइच्या फोनवरून तुह्या बापाले सांगतलं, आमच्याशिवाय कोनालेच ठाव नाई. तो तुह्या दारापर्यंत जाऊन आला. पोलिस म्याडमले लगेच कळवलं. त्याइनं पुण्याच्या पोलिसाइले सांगतलं, मानूस ठेवतीन म्हने तुह्याजवळ. हे चिठ्ठी बी पोस्टातून नाई, त्याइच्याच हातून देतो.

मंगळवारी साध्या कपड्यातले चार जन घरात बसतीन, पावने म्हनून. तुही माय आन मी सयपाक करू, तो आला तर त्याले बसवू. म्याडम म्हने, आजी, जमन ना? म्या म्हनलं, जमन. पन सकाळपासून पोहे भिजवले तर पानी किती टाकलं ते समजत नाई मले.

कामावर घेतलं का नाई ते मंग सांगजो. कोनी दार वाजवलं, माहं नाव सांगतलं, माही चिठ्ठी दाखवली, माहा डबा आनला, तरी उघडजो नोको. माह्या हातचं कोनी देल्लं तर घेजो नोको. आन गावाले येऊ नोको, मेघा. मी बोलावीन तरी येऊ नोको.

आजी